पाठ शांत, डोळा लाल

पत्र थोडक्यात असं : मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणारी, फोर्टमधल्या बँकेत नोकरी करणारी ३३ वर्षांची एक वाचक. सहा वर्षांपूर्वी तिला अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात असल्याचं निदान झालं. गेली दोन वर्षं ती दर १४ दिवसांनी अ‍ॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन घेते. पाठ आता इतकी बरी आहे की ती रात्रभर झोपते आणि पंगतीत मांडी घालून बसते. पण वर्षभरात दोनदा डोळा लाल झाला. मार्चमध्ये उजवा, आणि गणपतीनंतर तीन आठवड्यांनी डावा. नवरा म्हणतो, ‘इंजेक्शनने प्रतिकारशक्ती मारली, म्हणून डोळ्याला इन्फेक्शन होतंय, बंद कर.’ सासू-सासऱ्यांना इंजेक्शनचं माहीतच नाही. ‘पाठीचा त्रास आहे’ एवढंच सांगितलं आहे. सासूबाईंच्या मते सुनेचे डोळे मोबाइलमुळे आलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही तिने ‘पाठीची गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं. पुढच्या वर्षी मूल हवं आहे. ती विचारते : ताई, पाठ बरीच आहे, तर इंजेक्शन थांबवू का? डोळा तरी वाचेल.

प्रिय मैत्रिणी,

मला ताई म्हटलंस, तर मी अगंतुगंच करते. तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, आणि तू सहज लिहून गेलेली दोन वाक्यं अधोरेखित केली. त्यांच्याकडे येतेच. त्याआधी एक काम उद्या सकाळीच कर. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांग, की मला अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे आणि मी अ‍ॅडॅलिम्युमॅब घेते. हीच दोन नावं, अशीच्या अशी. ‘पाठीची गोळी’ नको.

मी डॉक्टर नाही. पण एका सरकारी रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीत वैद्यकीय समाजसेविका म्हणून मी बरीच वर्षं काढली. औषध बदलायचं की नाही ते तुझे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर काय घेऊन जायचं, ते मी सांगू शकते.

आधी ‘डोळे आले’ या आपल्या शब्दाबद्दल. लाल डोळा दिसला की आपल्याकडे डोळे आले म्हणायचं, गुलाबपाणी घालायचं, काळा चष्मा लावायचा आणि चार दिवस घरी बसायचं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ आली तेव्हा घरटी एकाचे तरी डोळे आले होते आणि बहुतेकांचे आपोआप गेलेही. त्या आजारात पापण्या चिकटतात, खाज येते, घाण येते, एका डोळ्याचं दुसऱ्याला होतं, घरभर पसरतं. तुझं वर्णन बघ. एकच डोळा. चिकटपणा नाही, नुसतं पाणी. आत खोलवर ठणका. बुबुळाच्या कडेने लालीचं कडं. आणि तू लिहिलंस की सीएसएमटीच्या सबवेतून वर उन्हात आल्यावर डोळ्यात सुई टोचल्यासारखं झालं आणि भिंतीला धरून उभी राहिलीस. हे डोळे येणं नाही. बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्याच्या आजूबाजूचा भाग आतून सुजतो, त्याला डॉक्टर आयरायटिस किंवा युव्हिआयटिस म्हणतात. तुझ्या आजारात हे वरचेवर दिसतं. दर तीन-चार रुग्णांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बहुधा एकाच डोळ्याला आणि अचानक. पुढच्या खेपेला दुसऱ्या डोळ्याची पाळी येऊ शकते. उजवा, मग डावा, हे या दुखण्याचं ओळखीचं वागणं आहे.

ओपीडीत एका डॉक्टरबाईंनी मला एकदा स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, बघू दिलं होतं. खुर्चीत लालबागचा पंचविशीतला मुलगा होता. डोळ्यातून प्रकाशाची बारीक तिरीप गेली आणि त्या तिरिपेत कण तरंगताना दिसले. कौलाच्या फटीतून कवडसा पडला की त्यात धूळ नाचते ना, अगदी तसे. डोळ्याच्या पुढच्या भागातल्या नितळ पाण्यात असं काही दिसायला नको. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी होत्या, सुजेमुळे आत उतरलेल्या. त्या मुलाने तीन आठवडे केमिस्टकडचे थेंब घातले होते. तोवर पडदा मागच्या भिंगाला ठिकठिकाणी चिकटला होता आणि बाहुली गोल राहिली नव्हती, पाकळ्यापाकळ्यांची झाली होती. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असता तर बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी बहुधा सुटली असती. त्याची पाठ दुखते का, हे कुणी तोवर विचारलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, पहाटे चारला उठून चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारतो, मग जरा मोकळं वाटतं.

पाठ आणि डोळा या दोन गोष्टी नाहीत, हे मला तुला मनापासून पटवायचं आहे. एचएलए-बी२७ हे रक्तातलं खूणचिठ्ठीसारखं प्रथिन आणि हा मणक्याचा आजार यांचं नातं १९७३ साली उघड झालं. त्याच वर्षी तीच खूण अशा डोळ्याच्या सुजेतही सापडली. दुखणं एकच, फक्त दोन ठिकाणी बाहेर येतं. आणि ते दोन्ही ठिकाणी एका वेळी येईलच असं नाही. पाठ अगदी शांत असताना डोळा भडकू शकतो. म्हणून ‘पाठ बरी आहे, म्हणजे आजार गेला, म्हणजे इंजेक्शनचं काम संपलं’ ही तुझी साखळी पहिल्याच कडीला तुटते. पाठ बरी आहे ती इंजेक्शनमुळे.

आता पेन्सिलीने अधोरेखित केलेली वाक्यं. तू लिहिलंस, ‘गणपतीत घरी पाहुणे होते, फ्रिज सतत उघडत होता, त्यामुळे दोन इंजेक्शनं राहिली.’ आणि वर कुठेतरी, नणंदेच्या लग्नाचं सांगताना, ‘फेब्रुवारीत गडबडीत एक पुढे गेलं.’ तारखा लावल्या. फेब्रुवारीत खंड, मार्चमध्ये उजवा डोळा. गणपतीच्या सुमारास पाच-सहा आठवडे खंड, त्यानंतर डावा डोळा. नवऱ्याने इंजेक्शनवर आळ घेतला, आणि दोन्ही वेळा इंजेक्शन वेळेवर अंगात गेलेलंच नव्हतं.

यावरून खंडामुळेच डोळा लाल झाला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन वेळा म्हणजे पुरावा नव्हे. नियमित इंजेक्शन घेणाऱ्यांनाही अधूनमधून डोळ्याचा झटका येतो. औषधाने झटके कमी होतात, संपतातच असं नाही. पण या तारखा तुझ्या संधिवाताच्या डॉक्टरांपुढे जायलाच हव्यात. त्यांना जर वाटत असेल की तू काटेकोरपणे घेतेस आणि तरी डोळा लाल होतोय, तर ते ‘औषध फसलं’ असं समजून चांगलं लागू पडणारं औषध बदलून टाकतील.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. हे इंजेक्शन टीएनएफ नावाच्या रसायनाला अडवतं. ते रसायन सूज वाढवतं, तसंच जंतूंशी लढायलाही कामी येतं. म्हणूनच सुरू करण्याआधी तुझा छातीचा एक्सरे आणि टीबीच्या तपासण्या झाल्या असणार, कारण शरीरात झोपलेला टीबी या औषधाने जागा होऊ शकतो. आणि टीबी डोळ्यातही सूज आणतो. मुंबईत राहून ही शक्यता कुठलाच शहाणा डॉक्टर बाजूला ठेवणार नाही. नागिणीच्या जातीच्या विषाणूनेही डोळा असाच लाल होतो, आणि तिथे नुसते स्टिरॉइडचे थेंब घातले तर घात होतो. म्हणजे नवऱ्याची काळजी खरी आहे. पण त्याने काढलेला उपाय उलटा आहे. काळजी खरी आहे म्हणूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव कळायला हवं. त्यांनी तुझा डोळा अर्धीच गोष्ट ऐकून तपासला आहे. पुढच्या वेळी नवऱ्याला बरोबर ने आणि हा प्रश्न त्यालाच विचारू दे.

थांबवू का, याचं माझं उत्तर : स्वतःहून नको. ताप आला, अँटिबायोटिक सुरू झालं, जंतुसंसर्ग निघाला तर डॉक्टर एखादा डोस पुढे ढकलायला सांगतात, पण तो निर्णय त्यांचा. थांबवलंस तर पाठ काही आठवडे, कदाचित काही महिने, गप्प राहील आणि तुला वाटेल बरं केलं. डोळा मात्र इतका थांबेलच असं नाही.

मग पर्याय काय? सगळ्यात साधा हा, की आहे तेच औषध न चुकता, तारखेला, सहा महिने घ्यायचं आणि डोळ्याकडे लक्ष ठेवायचं. तुझ्या बाबतीत मला हाच पहिला वाटतो, कारण तो अजून नीट झालेलाच नाही. तरीही वर्षातून दोन-तीनदा डोळा लाल होत राहिला, तर डॉक्टर बघतील की शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तर तयार केली नाहीत ना, किंवा सल्फासॅलॅझिनसारखी गोळी जोडतील, किंवा इंजेक्शन बदलतील. बदलायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेव. ही सगळी बायॉलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, इंजेक्शनं पाठीला लागू पडतात, पण डोळ्याला सारखीच राखत नाहीत. अ‍ॅडॅलिम्युमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी प्रतिपिंड जातीची औषधं डोळ्याचे झटके कमी करतात. त्याच टीएनएफ गटातलं एटानरसेप्ट डोळ्याच्या बाबतीत त्यांच्याइतकं भरवशाचं नाही. ज्याला वारंवार डोळ्याचा त्रास आहे त्याच्यासाठी आधी प्रतिपिंड जातीचं औषध निवडावं, असं संधिवाताच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. म्हणजे तू डोळ्याच्या दृष्टीने आधीच चांगल्या औषधावर आहेस. खर्च कमी करायला म्हणून कुणी दुसरं सुचवलं, तर ‘डॉक्टर, मला दोनदा युव्हिआयटिस झालाय’ हे वाक्य तोंडातून जायलाच हवं. भारतात २०१४च्या अखेरीस अ‍ॅडॅलिम्युमॅबचं पहिलं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, आलं, म्हणून ते तुझ्यामाझ्यासारख्यांच्या आवाक्यात थोडं तरी आलं. पैशाची अडचण असेल तर तीही सांग. न सांगता डोस लांबवणारे खूप भेटले मला, आणि त्यातल्या कुणालाही डॉक्टर रागावले असते असं मला वाटत नाही.

थेंबांबद्दल, कारण तू आत्ता त्यांच्यावर आहेस. बरं वाटलं म्हणून बंद करू नकोस. मार्चमध्ये तू पाच दिवसांत सोडलेस आणि डोळा परत उसळला, आठवतं ना? स्टिरॉइडचे थेंब सुरुवातीला तासातासाने घालतात आणि मग चार-सहा आठवड्यांत पायरी पायरीने कमी करतात. प्रेडनिसोलोनच्या बाटलीत औषध खाली बसतं, ती दर वेळी नीट हलवायची, नाहीतर वरचं पाणीच डोळ्यात जातं. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरायचा. दुसऱ्या थेंबाआधी पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबाने जवळचं वाचता येत नाही, काउंटरवर आकडे धुरकट दिसतील. ते औषधामुळे आहे, घाबरू नकोस, पण साहेबांना आधी सांगून ठेव आणि तेवढे दिवस स्कूटर चालवू नकोस. आणि तपासणीच्या तारखा चुकवू नकोस. स्टिरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, तो आपल्याला कळत नाही, मोजावाच लागतो. उरलेली बाटली पुढच्या खेपेसाठी कपाटात जपून ठेवायची आपली सवय आहे. ती बाटली टाकून दे. नणंदेच्या मुलाचा डोळा लाल झाला म्हणून त्याला तर मुळीच देऊ नकोस.

ज्यांना तुझ्यासारखा मणक्याचा आजार आहे, त्या सगळ्यांना मी एक सवय लावायला सांगते. भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभं राहायचं, नेहमीचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि तिथीची बारीक अक्षरं वाचायची. मग दुसरा. आठवड्यातून एकदा पुरे. डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही, दुखतोय किंवा एका डोळ्याने अक्षरं पुसट दिसतात, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्लिट लॅम्प असलेल्या डॉक्टरकडे. नुसत्या टॉर्चने हे दिसत नाही. रविवार असेल, खासगी दवाखाना बंद असेल, तर केईएम, सायन, नायर, जेजे अशा मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. आणि ज्यांना अजून पाठीचं निदान नाही, पण डोळा असाच एकदा-दोनदा लाल झालाय आणि तीन महिन्यांहून जास्त काळ सकाळी पाठ आखडते, पहाटे जाग येते, हालचाल केल्यावर बरं वाटतं, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना हे न विचारता सांगावं. लालबागचा तो मुलगा सहा वर्षं स्पाँडिलिसिसचा पट्टा लावून हिंडत होता.

मुलाबद्दल. त्यासाठी इंजेक्शन आत्ताच थांबवायला हवं असं गृहीत धरू नकोस. या गटातली काही औषधं गरोदरपणातही चालू ठेवतात. कुठलं, कुठल्या महिन्यापर्यंत, हे दिवस राहण्याआधी ठरवायचं असतं. आपल्याकडे बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजीची लस देतात. ती जिवंत जंतूंची असते, आणि आईने शेवटच्या महिन्यांत हे इंजेक्शन घेतलं असेल तर बाळाची ती लस पुढे ढकलावी लागते. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनाही सगळं माहीत असायला हवं, ते यासाठी.

म्हणजे आपण फिरून फ्रिजपाशी आलो. तू लिहिलंस, इंजेक्शनचा खोका तू भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीमागे, रिकाम्या लोणच्याच्या बरणीत ठेवतेस. सासूबाई देवाला गेल्या की दार लावून मांडीत टोचून घेतेस. ते वाचून माझ्या पोटात कालवलं. दोन वर्षं तू एकटीने हे केलंस. पण हे औषध २ ते ८ अंशांत राहावं लागतं, पाहुण्यांच्या गर्दीत कुणी ती बरणी ओट्यावर काढून ठेवली किंवा फ्रीजरमध्ये सरकवली तर ते वाया जाऊ शकतं. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावरही वापरायचं नसतं. आणि डोस राहतात ते औषध वाईट आहे म्हणून नव्हे, ते लपवावं लागतं म्हणून.

सासूबाई काय म्हणतील याची भीती मी समजू शकते. ‘सुनेला आजार आहे’ ही गोष्ट नातेवाइकांत कशी फिरते, हे मीही पाहिलंय. त्यांना सगळं एका बैठकीत सांगायला मी म्हणत नाही. पण तुझ्या पत्रात एक ओळ आहे, सासूबाईंना डायबिटिस आहे आणि त्यांचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात, सगळ्यांसमोर असतं. तिथून सुरुवात कर. नवऱ्याने सांगावं, त्याची आई आहे. ‘आई, तुझ्या इन्सुलिनसारखं हिचंही एक इंजेक्शन आहे, पंधरा दिवसांनी घ्यायचं. ते चुकलं म्हणून बहुतेक डोळा लाल झाला.’ एवढंच. नाव, मणका, एचएलए-बी२७ नंतर कधी विचारलं तर. त्या रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, तरी खोका बरणीतून बाहेर आलेला असेल. आणि त्यांनी ऐकलंच नाही, तर ऑफिसच्या वाटेवर माहेर किंवा मैत्रिणीचं घर आहे का बघ, जिथल्या फ्रिजमध्ये तो उघडपणे राहील.

पुढचं इंजेक्शन गुरुवारी आहे असं तू लिहिलंस. बुधवारच्या आत दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे नंबर दे. एका कागदावर गेल्या वर्षातल्या इंजेक्शनच्या तारखा लिही, घेतलेल्या आणि राहिलेल्याही, आणि त्यांच्याखाली डोळा कधी लाल झाला ते. त्याचा फोटो दोघांना पाठव आणि गुरुवारचा डोस घ्यायचा ना, हे विचार. उत्तर आलं की मला कळव.

तुझी ताई